घरात ठेवलेला गेम सर्व्हर: काही महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगतो. परदेशात राहत असाल, जुने मित्र दोन-तीन देशांत विखुरलेले असतील आणि तुमची खरी भेट खेळातच होत असेल, तर घरी एक छोटा सर्व्हर, म्हणजे सगळे ज्याला जोडून एकत्र खेळतात असा संगणक, ठेवा. पैसे वसूल होतात. पण नुसतं यंत्र आणून ठेवलं की मोठी सेवा बंद पडल्यावरही आपला खेळ चालू राहतो, असं मात्र नाही. सुरू होताना खेळ कुणाची परवानगी मागतो, हे आधी शोधावं लागतं. माझा बराचसा वेळ त्या शोधातच गेला आणि लिहिण्यासारखंही तिथेच जास्त आहे.

आमचा गट सांगलीच्या कॉलेजातला. मी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला, एक मैत्रीण टोरांटोला, दोघं पुण्यात आणि एक अजून सांगलीतच. फोन केला की "काय चाललंय?", "मजेत" याच्या पुढे गाडी जात नाही. हाताला काहीतरी काम असलं की माणसं बोलतात. आमच्यातल्या एकाच्या वडिलांचं ऑपरेशन, दुसरीची नोकरी गेल्याची बातमी, हे सगळं मला एकत्र भिंत बांधताना कळलेलं आहे.

गेल्या वसंतात आम्ही वापरत होतो ती ऑनलाइन सेवा बंद पडली आणि बरेच दिवस बंदच राहिली. रोज उघडून बघावं तर तीच सूचना: तपास सुरू आहे. आठवडाभरात ग्रुपवरचं बोलणं "झालं का सुरू?" एवढ्यावर आलं, मग तेही थांबलं. सेवा परत आली तेव्हा आम्हा पाचजणांची वेळ पुन्हा जुळवायला त्याहून जास्त दिवस लागले. परदेशात एकदा मोडलेली सवय आपोआप परत लागत नाही. म्हणून सर्व्हर घ्यायचं ठरलं.

या बाबतीतला सगळ्यात मोठा दाखला २०११चा आहे. १७ ते १९ एप्रिलदरम्यान प्लेस्टेशन नेटवर्क या सोनीच्या ऑनलाइन खेळांच्या सेवेत घुसखोरी झाली आणि २० एप्रिलला सोनीने ते बंद केलं. प्रश्न सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांचा होता. वैयक्तिक माहिती बाहेर गेल्याचं २६ एप्रिलला जाहीर झालं, १ मे रोजी टोकियोत सोनीच्या खेळ विभागाचे प्रमुख काझुओ हिराई आणि सहकाऱ्यांनी पत्रकारांसमोर वाकून माफी मागितली. उत्तर अमेरिकेत १४ मेपासून आणि पाठोपाठ युरोपात सेवा टप्प्याटप्प्याने सुरू झाली. जपानमधल्या खेळाडूंना मात्र २८ मेपर्यंत थांबावं लागलं. भरपाई म्हणून ठरावीक यादीतले दोन पीएस३ खेळ आणि ३० दिवसांचं 'प्लेस्टेशन प्लस' या सशुल्क सेवेचं सदस्यत्व मिळालं.

मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. 'पोर्टल २' नेमका १९ एप्रिलला, म्हणजे नेटवर्क बंद होण्याच्या आदल्याच दिवशी बाजारात आला होता. ज्यांच्याकडे त्याची डिस्क होती आणि घरात दुसरं कुणी होतं, ते एकाच टीव्हीवर पडदा दोन भागांत वाटून जोडीने खेळू शकत होते. त्याच वेळी कॅपकॉमचे दोन डाउनलोड खेळ, 'फायनल फाइट: डबल इम्पॅक्ट' आणि 'बायोनिक कमांडो रीआर्म्ड २', एकट्याने खेळायचे असले तरी नेटवर्कवर साइन-इन मागत होते, त्यामुळे विकत घेऊनही उघडत नव्हते. कन्सोल तोच, घर तेच. फरक फक्त परवानगीचा. घरचा सर्व्हर ठेवतानाही हाच प्रश्न पुन्हा समोर येतो.

यंत्राबद्दल थोडक्यात. मार्क्टप्लाट्स या जुन्या वस्तूंच्या इथल्या संकेतस्थळावरून एका ऑफिसातून निघालेला मिनी पीसी दीडशे युरोंच्या आत मिळाला. १६ जीबी मेमरी, एसएसडी, वर डेबियन ही लिनक्स प्रणाली. तो मीटरकास्टमध्ये, म्हणजे इथल्या घरांत वीज आणि फायबर जिथे आत येतं त्या कपाटात, राउटरशेजारी ठेवलाय. आवाज येत नाही. सरासरी १२ वॉट धरले तर वर्षाला साधारण १०५ युनिट होतात आणि इथल्या दराने सुमारे तीस युरो. पाच माणसांसाठी माइनक्राफ्टला, म्हणजे ठोकळ्यांनी जग बांधायच्या खेळाला, ६ जीबी मेमरी पुरते. त्या खेळात कोअर किती आहेत यापेक्षा एका कोअरचा वेग महत्त्वाचा असतो, म्हणून जुना पण बऱ्यापैकी वेगाचा प्रोसेसर घ्या.

आता मुख्य मुद्दा. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत सर्व्हरच्या सेटिंग फाइलमध्ये 'ऑनलाइन-मोड' अशी एक ओळ असते. ती चालू असेल तर आत येणाऱ्या प्रत्येकाचं खातं कंपनीच्या सर्व्हरवर पडताळलं जातं. ही चांगली सोय आहे, तिच्यामुळे कुणी दुसऱ्याच्या नावाने आत शिरू शकत नाही. पण त्याचा अर्थ असाही होतो की यंत्र माझ्या कपाटात आणि खेळातलं अख्खं जग माझ्या डिस्कवर असूनही कंपनीची पडताळणी सेवाच बंद पडली असेल तर नवा कुणी आत येऊ शकत नाही. आधीच आत असलेले तेवढे खेळत राहतात. घर आपलं आणि किल्ली परगावी, अशातला प्रकार.

ती ओळ बंद करता येते. मात्र त्याआधी एक गोष्ट माहीत हवी, ती फारसं कुणी सांगत नाही. खेळ तुम्हाला नावाने ओळखत नाही, एका लांबलचक क्रमांकाने ओळखतो. ऑनलाइन असताना हा क्रमांक खात्याकडून येतो, ऑफलाइन असताना तो नावावरून तयार होतो, आणि दोन्ही वेगळे असतात. म्हणजे तुम्ही त्याच नावाने आलात तरी सर्व्हरच्या लेखी नवखे. अंगावरचं चिलखत नाही, जवळचं सामान नाही, उभे सुरुवातीच्या जागी, आणि पाळलेला लांडगासुद्धा तुम्हाला मालक मानत नाही. भिंती, शेतं आणि पेट्यांत ठेवलेलं सामान मात्र जसंच्या तसं असतं.

याला आम्ही दोन उपाय केले. मोलाचं सामान अंगावर न ठेवता पेट्यांत ठेवायचं, हा साधा. दुसरा असा: प्रत्येक खेळाडूची माहिती 'प्लेयरडेटा' फोल्डरमध्ये त्याच्या क्रमांकाच्या नावाने साठवलेली असते. तिची प्रत ऑफलाइन क्रमांकाच्या नावाने ठेवली की माणूस आपल्या सामानासकट आत येतो. लांडग्याचा प्रश्न यानेही सुटत नाही, कारण मालकाचा क्रमांक लांडग्याच्या नोंदीत असतो. पाचजणांचे ऑफलाइन क्रमांक काढून ते एका फाइलमध्ये लिहून ठेवलेत आणि सगळं सुरळीत चालू असताना एका रविवारी मुद्दाम ऑनलाइन-मोड बंद करून तालीम केली. तालमीशिवाय या व्यवस्थेवर भरवसा ठेवू नका. प्रत्येकाने आपापल्या लाँचरमध्ये, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, आधी कधीतरी लॉगिन केलेलं असणंही गरजेचं आहे. नवा लॅपटॉप घेऊन नेमक्या त्याच दिवशी कुणी बसला तर त्याची अडचण होणार.

फॅक्टोरिओ हा कारखाने उभारायचा खेळ या बाबतीत सोपा आहे. त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घेतलेली प्रत कुठल्याही कुलपाशिवाय चालते आणि सर्व्हरच्या सेटिंगमध्ये वापरकर्त्याची पडताळणी बंद करता येते. '० ए.डी.' हा प्राचीन सैन्यांच्या डावपेचांचा खेळ तर मुक्त सॉफ्टवेअर, कुणाला काही विचारतच नाही. आयपी पत्ता टाका आणि खेळा. त्यात मौर्यांचं सैन्य आहे, हत्तींसकट, आणि सांगलीचा मित्र दुसरी बाजू घ्यायलाच तयार नसतो. ज्या रात्री काहीच चालणार नाही त्या रात्रीसाठी हा खेळ सगळ्यांच्या यंत्रांवर एकाच आवृत्तीत घालून ठेवा, ही माझी ठाम शिफारस.

पडताळणी बंद केली की दार सताड उघडं राहतं. कुणीही कुणाचंही नाव घेऊन येईल, व्यवस्थापकाचंसुद्धा. म्हणून आमचा सर्व्हर इंटरनेटवर थेट दिसत नाही. आधी वायरगार्डच्या बोगद्यातून, म्हणजे फक्त आमच्यापुरत्या कूटबद्ध खासगी जोडणीतून, यावं लागतं. वायरगार्ड २०२०पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, आहे, छोटं आहे, आणि एकदा प्रत्येकाला त्याची चावी दिली की मधे कुठलंही लॉगिन नाही. याहून सोप्या, दोन क्लिकमध्ये होणाऱ्या सेवा मिळतात. पण त्यांचा ताबा पुन्हा कुठल्यातरी कंपनीच्या खात्याकडे असतो आणि ज्या कारणाने आपण हा खटाटोप केला तेच कारण मागच्या दाराने परत येतं. थोडा त्रास झाला तरी हाताने चाव्या बनवा.

बोगदा का हवा, याचं आणखी एक कारण २०२१च्या डिसेंबरमध्ये दिसलं. लॉग४शेल ही जावा प्रोग्रॅमच्या नोंदी ठेवणाऱ्या एका लायब्ररीतली त्रुटी तेव्हा उघड झाली आणि माइनक्राफ्टच्या सर्व्हरवर नुसता एक चॅट संदेश टाकून तिचा गैरफायदा घेता येत होता. घरच्या यंत्रावर तेच कुणी केलं तर धोका खेळापुरता राहत नाही, त्याच राउटरवर घरातले बाकीचे संगणकही असतात. अपडेट वेळेवर करणं ही आता माझी जबाबदारी आहे, आणि ती हलकी नाही.

वेगाबद्दल विचाराल तर आइंडहोवन ते पुणे पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, साधारण १३० ते १५० मिलिसेकंद मिळतो. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला २० ठोके घेतो, म्हणजे एक ठोका ५० मिलिसेकंदांचा, त्यामुळे बांधकाम, शेती, खाणकाम यात काही जाणवत नाही. तलवारीची लढाई जाणवते. सप्टेंबर २०२५मध्ये जेद्दाहजवळ लाल समुद्रातल्या केबल तुटल्या, त्यात एसएमडब्ल्यू४ आणि आयएमईडब्ल्यूई या दोन्ही होत्या आणि दोन्ही मुंबईला येतात. त्या दिवसांत पुण्याच्या दोघांचा पिंग दोनशेच्या वर गेला. टोरांटोला काहीच फरक नव्हता, तिचा मार्ग अटलांटिकमधून. तेव्हा आम्ही लढाया थांबवून रेल्वे बांधायला घेतली. सर्व्हर स्वतःचा असला तरी समुद्राखालची केबल स्वतःची नसते, एवढं धरून चाला.

आवाजासाठी त्याच यंत्रावर मंबल हा बोलण्याचा प्रोग्रॅम आहे. दिसायला जुनाट, पण पडद्यामागे उत्तम. बोलणं आणि उत्तर यांत अंतर फार कमी पडतं. चॅटची नेहमीची सेवा आणि खेळाची सेवा एकाच वेळी बंद पडू शकतात, म्हणून निदान आवाज तरी स्वतःकडे असावा असं मला वाटतं. खेळ उघडला नाही तरी माणसं भेटतात.

वेळेचं गणित वेगळंच. उन्हाळ्यात पुण्यात रात्रीचे दहा म्हणजे माझे साडेसहा आणि टोरांटोचे दुपारचे साडेबारा; हिवाळ्यात माझे साडेपाच आणि तिचे साडेअकरा. मार्चमध्ये कॅनडाचं घड्याळ युरोपच्या आधी पुढे सरकतं, त्या मधल्या दिवसांत दर वेळी कुणीतरी तासभर चुकतं. आता सगळं भारतीय वेळेतच ठरवतो.

रात्री आपोआप बॅकअप होतो. त्याआधी सर्व्हरला लिहिणं थांबवायची आज्ञा द्यावी लागते, मग प्रत, मग पुन्हा लिहिणं सुरू. ही आज्ञा वगळली तर अर्धवट लिहिलेल्या फाइलची प्रत निघू शकते आणि ते कळतं परत आणायच्या वेळीच.

आता न जमणाऱ्या गोष्टी. अनोळखी माणसांशी सामने, गुणतालिका, स्पर्धात्मक शूटर, दरवर्षी येणारे फुटबॉलचे खेळ, यांतलं जवळपास काहीच घरच्या सर्व्हरवर होत नाही. त्यांचे सर्व्हर बहुतेक कंपन्या बाहेर देत नाहीत. तुमचा गट तेच खेळत असेल तर हे पैसे वाचवा. खेळाची आवृत्ती कुणाकडे आपोआप पुढे गेली की तो आत येऊ शकत नाही, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी माझा थोडा वेळ फोनवर आवृत्त्या जुळवण्यात जातो. "अरे, मला लाल फुली दिसतेय" हे वाक्य आता मला पाठ आहे. गटात निदान एकाला हे काम मनापासून आवडत असलं पाहिजे. मला आवडतं. आमच्यात कुणालाच आवडत नसतं तर महिन्याभरात हे यंत्र बंद पडलं असतं.

एक मोठी उणीव अजून शिल्लक आहे: सगळं माझ्याच घरात आहे. इथलं फायबर गेलं की पाचहीजण बाहेर. पुण्यात दुसरं यंत्र ठेवायचं ठरलंय. तिथल्या जोडणीत एकच आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा जुन्या पद्धतीचा पत्ता, अनेक घरांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून आत शिरता येत नाही. नव्या पद्धतीचा आयपीव्ही६ पत्ता मात्र स्वतःचा मिळतो आणि वायरगार्डला तो चालतो. मित्राच्या राउटरमध्ये आत येणाऱ्या जोडणीला परवानगी देण्याची सोय आहे का, हे तो या आठवड्यात बघणार आहे. ती असली तर रोजचा बॅकअप थेट पुण्याला जाईल आणि माझ्याकडचं यंत्र गेलं तरी त्याच रात्री तिकडून जग उघडता येईल. नसली तर राउटर बदलायचा, वर्गणी आधीच काढून ठेवलीय.