बोटं कापणारी गिटार हाताला हलकी केली: सेटअपनंतर एक पावसाळा उलटल्यावरचा अनुभव

स्वस्तातली स्टीलच्या तारांची ॲकॉस्टिक गिटार नवशिक्याला दोन महिन्यांत कोपऱ्यात ठेवायला लावते आणि खापर फुटतं सरावाच्या आळसावर. या गिटारची ॲक्शन, म्हणजे बाराव्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तारेची उंची, नवी असताना सहाव्या (जाड) तारेला 3.5 मिमी आणि पहिल्या तारेला 3 मिमी होती. आता ती 2.5 आणि 2 वर आहे. काम उन्हाळ्यात केलं. पावसाळा गेला, थंडी आली, तरी एफचा बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून वाजवायचा) अजून विनातक्रार वाजतो.

क्रम मात्र मोडायचा नाही: आधी नेक (दांडा), मग नट (दांड्याच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी), शेवटी सॅडल (बॉडीवरच्या ब्रिज नावाच्या ठोकळ्यातली, तारा टेकतात ती पट्टी). बहुतेक लोक थेट सॅडल घासायला घेतात आणि तिथेच फसतात, कारण पहिल्या दोन कामांनी बाराव्या फ्रेटवरची उंची आपोआप थोडी उतरते.

नेकचा बाक तपासायला पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक जिथे बॉडीला मिळतो तिथे सहावी तार दाबा आणि सातव्या फ्रेटवरची फट मोजा. दुचाकीच्या टॅपेटसाठी वापरतात ते फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) इथे उत्तम चालतं. इथे 0.5 मिमी निघाली, हवी 0.2 ते 0.25. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली ॲलन कीने फिरवायची सळई, घड्याळाच्या दिशेने पाव फेरा आवळायचा, पुन्हा सुरात लावून मोजायचं, गरज असेल तरच पुढचा पाव फेरा. ॲलन की नीट बसत नसेल तर जोर लावू नका. खाचा गोल झाल्या की विषय संपला.

खरा जादूगार नट. नट उंच आहे का हे ओळखायला पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून तोच एफ एक फ्रेट पुढे पकडून पाहा. अचानक सोपा वाटला तर दुखणं नटमध्ये आहे. मोजायचं असेल तर तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा: पहिल्या फ्रेटवर झेरॉक्सचा एक कागद, म्हणजे साधारण 0.1 मिमी, जेमतेम सरकला पाहिजे. इथे चार-पाच कागद आरामात जात होते. नटच्या खास कानशी महाग पडतात. वेल्डिंगच्या दुकानातला टिप क्लीनरचा (खरखरीत बारीक सळयांचा) संच तारेच्या जाडीशी जुळवून वापरता येतो. खाच हेडस्टॉककडे (खुंट्यांच्या बाजूला) किंचित उतरती हवी. तार फ्रेटबोर्डाकडच्या कडेवरच टेकली पाहिजे, नाहीतर मोकळी तार सतारीसारखी झणझणते. दोन-तीन घासे, तार लावून तपासणी, पुन्हा दोन घासे. खाच खोल गेलीच तर खाण्याचा सोडा भरून वर सुपरग्लूचा थेंब टाका आणि पुन्हा कोरा.

एवढ्यावर ॲक्शन 3.2 आणि 2.7 झाली. सॅडलचं गणित दुपटीचं: बाराव्या फ्रेटवर 0.7 मिमी उतरवायचे तर सॅडलच्या तळातून 1.4 मिमी काढायचे. पेन्सिलने रेघ मारा, काचेवर 120 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि रेघेच्या थोडं अलीकडे थांबा. तळ सपाट हवा. वरून घासू नका, तिथली गोलाई फ्रेटबोर्डाशी जुळवलेली असते.

तारा 12-53 ऐवजी 11-52 लावल्या (आकडे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात). डॅडारिओचा ईजे26 संच. बोटांना फरक पहिल्याच दिवशी कळतो, आवाज किंचित कमी होतो. ताण घटल्याने नेकही थोडा सरळ होतो, म्हणून तारा बदलायच्या असतील तर त्या सगळ्यात आधी. 10-47 आणखी मऊ, पण जोरात स्ट्रमिंग करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये, फ्रेटवर आपटतात.

आता टिकाऊपणाचं. कोकण-मुंबईच्या दमट हवेत लाकूड फुगतं, ब्रिजमागचा भाग वर येतो आणि ॲक्शन चढते. इथे ती जुलैत सहाव्या तारेला 2.8 पर्यंत गेली. तेव्हा सॅडल घासायचा मोह आवरा. तोच घासलेला सॅडल डिसेंबरात खडखडाट करतो. दुसरा, आणखी बुटका सॅडल करून पावसाळ्यापुरता बसवणं हा स्वस्त इलाज. गिटार केसमध्ये सिलिका जेलसोबत ठेवा, आर्द्रता 45 ते 55 टक्के राहिली तर उत्तम. उलट विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात फ्रेटबोर्ड आकसून फ्रेटची टोकं हाताला लागतात. ती बारीक कानशीने गोल करावी लागतात.

जे सुधारलं नाही तेही सांगायला हवं. ट्यूनिंग की ढिल्याच आहेत, दर बैठकीला सूर लावावा लागतो. नेकचा कोनच चुकलेला असेल तर यातलं काहीच कामाला येत नाही. म्हणून विकत घेताना फ्रेटवर लांब सरळ पट्टी ठेवून पाहा: तिचं टोक ब्रिजच्या माथ्याला टेकायला हवं. ते ब्रिजच्या अंगावर खाली आदळत असेल, तर दुकानदाराकडे दुसरा नग मागा.