आरजे-४५ कनेक्टरच्या खरेदीत माझे ४८,५१४ रुपये गेले

गेली अकरा वर्षे मी कोकण किनाऱ्यालगतच्या एका तालुक्याच्या गावी कॅमेरे आणि नेटवर्किंगची कामे घेतो. ज्या मालाची पारख करणे हाच माझा धंदा, त्याच मालात मी फसलो, हे लिहिताना लाज वाटते आणि संतापही आवरत नाही. नमुना अस्सल दाखवायचा आणि माल नकली पाठवायचा, हा प्रकार मला ठाऊक नव्हता असे नाही.

मे महिन्यात एका शाळेचे काम मिळाले. २२ पीओई कॅमेरे (नेटवर्क केबलमधूनच वीज घेणारे) आणि ३६ नेटवर्क पॉइंट बसवून १५ जूनला शाळा उघडण्यापूर्वी काम संपवायचे होते. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या ज्या दुकानातून यापूर्वी दोनदा चांगला माल आला होता, तिथूनच दहा आरजे-४५ कनेक्टर, म्हणजे नेटवर्क केबलच्या टोकाला बसणारे प्लास्टिकचे प्लग, नमुना म्हणून आणले. त्यांच्या प्लास्टिकवर कंपनीचे नाव कोरलेले होते आणि पिनांना तीन दात होते. मग फोनवर मागणी नोंदवली. पावसाळ्यातली कामेही धरून ६०० कनेक्टर प्रत्येकी ११.५० रुपयांनी, केबलवर कनेक्टर दाबून बसवणारी दोन क्रिम्पिंग टूल ४,९००, जॅकमध्ये तारा ठोकून बसवणारे एक पंच टूल १,३५० आणि ७२ कीस्टोन जॅक (कनेक्टर ज्यात घुसतो ती खाच) ११,८८० असे करसहित २९,५३५ रुपये मी यूपीआयने पाठवले. इतरत्र तोच कनेक्टर १८ रुपयांना होता. ठोक खरेदीत एवढी सूट मिळते, असे मी मनाला समजावले, आणि त्याच दुकानदाराकडून ही तिसरी खरेदी असल्यामुळे ती समजूत अगदीच निराधार होती, असे आजही मला वाटत नाही. बिल मात्र नीट वाचले नाही. त्यावर ‘नेटवर्किंग साहित्य’ एवढेच लिहिले होते. बिलावर कंपनी, मॉडेल आणि नग यांचा स्वतंत्र उल्लेख नसेल तर पैसे पाठवू नका.

पहिल्याच दिवशी शाळेच्या जिन्यात एक कनेक्टर खाली पडला. माझ्या हाताखालच्या मुलाने चुंबकी टोकाचा स्क्रूड्रायव्हर खाली नेला, तर कनेक्टर पिनांच्या बाजूने त्याला चिकटून वर आला. “दादा, हा चिकटतोय,” तो म्हणाला. मी कामाच्या घाईत त्याला सांगितले की सोन्याच्या मुलाम्याखाली निकेलचा थर असतो, म्हणून थोडे ओढते. निकेलचे खरे आहे, पण त्या पातळ थराने अख्खा कनेक्टर उचलला जात नाही. चांगल्या पिना फॉस्फर ब्राँझच्या असतात आणि त्यांवर ५० मायक्रोइंच, म्हणजे सुमारे १.२७ मायक्रॉन, सोने असते. माझ्या हातात सोनेरी रंगाचे लोखंड होते. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा मला सांगत होता आणि मी त्याला गप्प केले, हे आठवले की रात्री झोप लागत नाही. पाकिटावर कंपनीचे नाव होते, कनेक्टरवर ते कोरलेले नव्हते, हेही मी तेव्हाच पाहायला हवे होते.

टूलही तसलेच निघाले. दाब पूर्ण होईपर्यंत हँडल सुटू न देणे, हे रॅचेटचे काम. हे टूल अर्ध्यावरच सुटत होते, त्यामुळे पिना तारेत पुरत्या रुतत नव्हत्या. पास-थ्रू कनेक्टरच्या, म्हणजे ज्यातून तारा आरपार बाहेर येतात त्याच्या, तोंडाशी पात्याने तारा साफ कापण्याऐवजी तांब्याची केसाएवढी टोके बाहेर ठेवली, आणि ती शेजारच्या तारेला टेकत होती. त्यात पिना दोन दातांच्या, म्हणजे स्ट्रँडेड (बारीक तारांचा पीळ असलेल्या) तारेसाठीच्या, आणि माझी केबल २३ गेजची सॉलिड, म्हणजे एकसंध तारेची. टेस्टरवर मात्र आठही दिवे ओळीने लागले, कारण तो टेस्टर तारांचा क्रम आणि सलगपणा दाखवतो, पकड किती घट्ट आहे ते दाखवत नाही.

जुलैच्या खाऱ्या, दमट हवेत कॅमेरे एकेक करून बंद पडू लागले. कनेक्टर काढले तर पिनांवर तांबूस गंज होता आणि जॅकच्या खाचांत तारा सैल झाल्या होत्या. पुन्हा ७२ जॅक, १०० कनेक्टर आणि एक टूल मिळून करसहित २६,३१४ रुपयांचे साहित्य आणले, मजुरीला ७,२०० गेले, आणि शाळेने रोखलेले १५,००० अजून मिळालेले नाहीत.

दुकानदाराने आधी फोन उचलले, मग नंबर बंद केला. पोलीस ठाण्यात गेलो, तर माल मुंबईचा, तिकडे जा, असे सांगण्यात आले. मुंबईत गेलो, तर ही दिवाणी बाब आहे, असे ऐकले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता नोंदवून घ्यावी लागते, हे मी दोन्ही ठिकाणी छापील कागद पुढे ठेवून सांगितले. दोन्ही ठिकाणी तो कागद न वाचता माझ्याकडे परत सरकवण्यात आला. बनावट ट्रेडमार्कचा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड, अशी तरतूद ट्रेडमार्क कायद्यात आहे. पण नुसती नोंद करून घेण्यासाठी माझे चार दिवस आणि प्रवासखर्च गेला, तरी नोंद झाली नाही. सरकारी मदतवाहिनीने खरेदी व्यापारी कारणासाठी होती म्हणून तक्रार बंद केली. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेला माल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी धरला जात नाही, हे त्यांना माहीत नव्हते की माहीत करून घ्यायचे नव्हते, ते मला कळले नाही. ज्या कंपनीचे नाव त्या पाकिटावर छापले होते, तिला छायाचित्रे पाठवून महिना झाला, उत्तर नाही.

प्रत्येक पाकिटातले दोन कनेक्टर चुंबकावर धरा. टूल घेताना भिंगातून एक क्रिम्प पाहा आणि कनेक्टरमधून तार ओढून बघा. नमुना आणि आलेला माल शेजारी ठेवूनच काम सुरू करा.

माझ्याकडे उरलेले ५५६ कनेक्टर पाकिटांसकट ठेवलेले आहेत. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणून पुढच्या आठवड्यात ती दाखल करतो आहे. मे महिन्यानंतर त्या बाजारातून असा माल घेतला असेल, तर पाकीट आणि बिल फेकू नका.