ख्रिस्ती होमस्कूलिंगचा खोका: आठ महिने वापरल्यावर

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायला वर्षभराची पुस्तकं आणि वेळापत्रक एकत्र मिळणारा अभ्यासक्रम, तो हा खोका. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. दोष खोक्याचा थोडा होता आणि तो जसाच्या तसा राबवणाऱ्या माझा जास्त. परदेशातून परतलेल्या एका कुटुंबाकडून आम्ही तो जुना घेतला, 14 हजारांना. अमेरिकन, ख्रिस्ती, तिसरीचा. 36 आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे 180 दिवसांचं वेळापत्रक. प्रत्येक धड्यापुढे बरोबरची खूण करायला एक इवलासा चौकोन. मुलगा आठ वर्षांचा. आम्ही पुण्यात, सासर नगरचं. जूनमध्ये सुरुवात केली, आता फेब्रुवारी संपत आलाय.

पहिले सहा आठवडे मी त्या चौकोनांची गुलाम होते. सकाळी 8 वाजता टेबलाशी प्रार्थना, मग बायबलमधल्या वचनाचं पाठांतर, बायबलचा धडा, गणित, इंग्रजी, हस्ताक्षर, इतिहास. दीड वाजेपर्यंत तेच. आमचं ध्यान खुर्चीत बसणारं नाही. एक पाय खुर्चीवर, एक हवेत, पेन्सिल टेबलाखाली आणि ती शोधायला गेलेले साहेब दहा मिनिटं टेबलाखालीच. दुपारपर्यंत माझा आवाज चढलेला आणि त्याचे डोळे भरलेले. चौकोन मात्र सगळे भरलेले असायचे हं!

जुलैत एकदा वचन पाठ झालं नाही म्हणून मी त्याला खाली खेळायला सोडलं नाही. वचन होतं 23 व्या स्तोत्राची पहिली ओळ, खोक्यातल्या जुन्या इंग्रजीत. ‘आय शॅल नॉट वॉन्ट’पाशी तो रोज अडायचा. रडून झाल्यावर म्हणाला, “मम्मी, देव मेंढपाळ आहे तर मला तो नको, असं का म्हणायचं?” चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘वॉन्ट’ म्हणजे उणीव असणं, हे आठ वर्षांच्या पोराला कोण सांगणार? मी आमचं मराठी शास्त्र, म्हणजे मराठी बायबल, उघडलं. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’ दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा त्यानं न बघता म्हटलं. त्या दिवसापासून पाठांतर मराठीत. फोनवर नगरच्या आजींना म्हणून दाखवायचं, एवढीच परीक्षा.

मग बाकीचं उसवायला घेतलं. शार्लट मेसन या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ बाईंचं (1842–1923) नाव होमस्कूलवाल्यांत सारखं ऐकू येतं. लहानांचे धडे 15–20 मिनिटांचे ठेवा आणि ऐकलेलं मुलाला त्याच्या शब्दांत सांगू द्या, हे त्यांचं म्हणणं. मी घड्याळ लावलं. 15 मिनिटं गणित, की गच्चीपर्यंत दोन फेऱ्या. परत 15 मिनिटं वाचन, की पाणी भरायला मदत. साडेअकराला सगळं आटोपतं. दीड वाजेपर्यंत रेटून व्हायचं त्यापेक्षा काम जास्तच होतं.

बायबलचा धडा सकाळच्या टेबलावरून उठवला, हा सगळ्यात मोठा बदल. कारण झालं बायबलमधला जक्कय. खोक्यातल्या गोष्टीत तो येशूला बघायला ‘सिकमोर’च्या झाडावर चढतो. पोराचा पहिला प्रश्न, सिकमोर म्हणजे काय? मराठी शास्त्रात लूकच्या 19 व्या अध्यायात सरळ ‘उंबर’ लिहिलंय. तिकडचं ते झाडही उंबराच्याच कुळातलं. आणि उंबर आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून उभाच आहे. संध्याकाळी गेलो. तो पहिल्या फांदीवर चढला, मी खाली गोष्ट वाचली. वाचून झाल्यावर म्हटलं, आता तू सांग. तर वरून आवाज, “जक्कय बुटका होता, पण त्याला मुंगळे चावले नसतील का? मला दोन चावले. तरी तो उतरला नाही, येशूनं हाक मारेपर्यंत.” शास्त्रात मुंगळे नाहीत, पण ‘तरी उतरला नाही’ हे त्याचं त्यानं शोधलेलं. खोक्यातल्या प्रश्नपत्रिकेत फक्त जक्कयाचा धंदा काय ते विचारलंय.

आता बायबल संध्याकाळी झाडाखाली, पावसाळ्यात जिन्यात. प्रार्थना रात्री अंथरुणात, बाबा घरी आल्यावर. चर्चमधल्या एक काकू म्हणाल्या, दिवस प्रार्थनेनं सुरू व्हायला हवा. खरंय त्यांचं. पण आमच्याकडे सकाळची प्रार्थना म्हणजे ‘डोळे मीट, नीट बस’ एवढंच उरलं होतं.

गणिताचं पुस्तक उत्तम, तेच खोक्यातलं खरं सोनं. फक्त डॉलर-सेंटची पानं सोडून भाजीवाल्याकडे खरे पैसे मोजायला दिले. इंचाऐवजी सेंटिमीटर. आणि स्वल्पविराम सांभाळा: तिकडे 100,000, आपल्याकडे 1,00,000. दोन्ही एकदम शिकवलं तेव्हा आठवडाभर गोंधळ उडाला, एकच शिकवायला हवं होतं.

नोव्हेंबरात 1620 मध्ये इंग्लंडहून अमेरिकेला गेलेल्या जहाजाचे आणि थँक्सगिव्हिंग या तिकडच्या सणाचे धडे येतात. ते मिटून ठेवले आणि दौंडकडे जाणाऱ्या गाडीनं केडगावला, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन बघायला गेलो. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, मिशनच्या बायकामुलींनी स्वतः छापलं. 1922 ला रमाबाई गेल्या, संपूर्ण बायबल आलं 1924 मध्ये. छपाईचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, उलटे जुळवतात हे कळल्यावर घरी येऊन यानं स्वतःचं नाव आरशात वाचता येईल असं लिहिलं. हस्ताक्षराच्या वहीत जो मुलगा तीन ओळींत थकतो, त्यानं हे पानभर केलं!

न जमलेलंही सांगते. इंग्रजी स्पेलिंग अजून कच्चं आहे. 15 मिनिटांच्या सवयीमुळे लांब काम समोर आलं की तो घड्याळाकडे बघतो. मराठी वाचनाला खोक्यात अर्थातच काही नाही, त्यासाठी बालभारतीची पुस्तकं लागतातच. आणि माझी नोकरी अर्धवेळ आहे म्हणून हे चाललं, पूर्णवेळवाल्यांना एवढी मोडतोड जमेल असं मी म्हणणार नाही. दहावीचं काय, हा नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला. एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, दहावी 14 वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, त्याला अजून सहा वर्षं आहेत.

पुढच्या वर्षी पूर्ण खोका घेणार नाही. गणित आणि मोठ्यानं वाचायच्या गोष्टींची पुस्तकं सुटी घेईन. वेळापत्रकाची फाइल रद्दीत गेली. हस्ताक्षराची वही मात्र 11 पानं सोडून कोरी आहे, कुणाच्या बसणाऱ्या मुलाला हवी असेल तर सांगा.