घरगुती ईएमएस यंत्र: काम चोख, पॅड मात्र तोकडे

ईएमएस म्हणजे विजेच्या स्पंदनांनी स्नायू आवळायला लावणं. या यंत्रात दोन चॅनेल (प्रवाहाच्या दोन स्वतंत्र वाटा), चार पॅड आणि तळहातात मावणारा कंट्रोलर आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मांडीचा पुढचा स्नायू नीट आवळला जात नाही, तेव्हा असं यंत्र खरं उपयोगी पडतं, आणि त्यासाठी हे चांगलं आहे. 'चरबी घटवा' वगैरे तयार प्रोग्रॅमकडे बघूही नका.

विजेचं स्पंदन आधी स्नायूकडे जाणाऱ्या चेतातंतूला चेतवतं. पुढचं सगळं नेहमीसारखंच: चेतातंतूच्या टोकाशी असेटिलकोलीन हे निरोप पोचवणारं रसायन सुटतं, स्नायुतंतूच्या आत कॅल्शियम मोकळं होतं आणि मायोसिन या प्रथिनाची डोकी ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या धाग्यांना धरून ओढू लागतात. 1 ते 5 हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला 1 ते 5 स्पंदनांना) नुसते सुटे झटके बसतात. 35 ते 50 हर्ट्झला ते एकमेकांत मिसळून सलग ताण येतो. इथे वारंवारता आणि स्पंदनाची रुंदी (एक स्पंदन किती वेळ टिकतं ते) दोन्ही हाताने बदलता येतात, ही मोठी जमेची बाजू. मांडीला 50 हर्ट्झ, 300 मायक्रोसेकंद, 2 सेकंदांत चढणारा प्रवाह आणि 10 सेकंदांचा ताण ठेवावा.

दोन ताणांमधली विश्रांती आधीपासून 10 सेकंदांवर लावलेली आहे, ती 50 करा. आपण स्वतः पाय ताणतो तेव्हा स्नायुतंतूंचे गट आळीपाळीने राबतात. यंत्र त्याच त्या तंतूंना एकदमच जुंपतं, म्हणून ते लवकर थकतात आणि प्रवाह तेवढाच असूनही ताण ढिला पडतो.

सोबतचे 5×5 सेंमीचे पॅड मांडीला अपुरे आहेत. थोड्या जागेत प्रवाह दाटतो आणि स्नायू आवळण्याआधी कातडीच चरचरते. 5×10 चे वेगळे घ्या. एक गुडघ्याच्या वाटीच्या वर आतल्या फुगवट्यावर, दुसरा मांडीच्या वरच्या भागात पुढून, किंचित बाहेरच्या अंगाला. तो आत सरकला तर पाय सरळ व्हायच्या ऐवजी मांड्या जवळ ओढल्या जातात. त्वचेवर तेल किंवा क्रीम नको. गुडघा साधारण 60 अंशांत वाकवून पाऊल पट्ट्याने अडकवा, आणि यंत्र ओढत असताना स्वतःही जोर लावा.

पॅड निसटला की प्रवाह शून्यावर येतो, त्यामुळे पुन्हा चिकटवताना दणका बसत नाही. पेसमेकर असणाऱ्यांनी हे वापरू नये. छातीवर, गळ्यावर आणि गरोदरपणी पोटावर पॅड लावू नयेत. ही सूचना माहितीपत्रकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे, ती पहिल्या पानावर हवी होती. वायर पिनपाशी नाजूक आहे. पॅड काढताना ती ओढू नका, कडेला धरून सोला.