साताऱ्याच्या चढ-उतारांवर इलेक्ट्रिक स्कूटर: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या गुढीपाडव्याला इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. घर समर्थ मंदिराजवळ, नोकरी एमआयडीसीत. म्हणजे सकाळी उतार, संध्याकाळी चढ. साताऱ्यात गाडी कशी आहे ते परतीच्या वाटेवरच कळतं. जाताना राजवाडा, पोवई नाका, बॉम्बे रेस्टॉरंट चौक ओलांडेपर्यंत बॅटरी जेमतेम हलते. येताना मागे बायको आणि पायाशी भाजीची पिशवी असली की तेवढ्याच अंतराला दुपटीहून जास्त चार्ज जातो. कंपनीचा रेंजचा, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाते याचा, आकडा सपाटीवरचा समजा.

एक गोष्ट मला शोरूममध्ये कुणी सांगितली नव्हती. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मोटर गाडीला धरून ठेवते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. पण बॅटरी काठोकाठ भरली असेल तर ती वीज जाणार कुठे? मोटर धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. उंचावर राहणाऱ्यांनी म्हणूनच चार्जिंग नव्वद टक्क्यांच्या आत थांबवावं. ओल्या उतारावर हा फरक हाताला लगेच जाणवतो.

ग्रेड सेपरेटरमुळे, म्हणजे चौकाखालून जाणाऱ्या भुयारी रस्त्यामुळे, पोवई नाक्यावरचा माझा खोळंबा नक्कीच कमी झाला. मात्र काही जण आतमध्ये उलट्या दिशेने घुसतात, हे फार धोक्याचं आहे. खरी कोंडी मोती चौक ते राजवाडा. दुकानांपुढे दुतर्फा लावलेल्या गाड्या रस्ता अर्धा करतात. तिथे या गाडीचा आवाज नसणं अडचणीचं ठरतं. म्हातारी माणसं मागे न बघता रस्त्यात उतरतात, त्यांना मागून काही येतंय हे कळतच नाही. मी तिथे चालत्या माणसाच्या वेगाने जातो, हॉर्नही आधीच देतो. जुन्या पेठेतला रस्ता आणखी रुंद होणं कठीण आहे, पार्किंगला शिस्त लावणं मात्र हातातलं आहे आणि ते आधी व्हायला हवं.

सप्टेंबरमध्ये कास पठारावर फुलं आली की शनिवार-रविवारी आमच्या भागात बाहेरच्या गाड्यांची रांग लागते. त्या रांगेत मात्र ही गाडी सुखाची: क्लच नाही, इंजिन तापत नाही, थांबल्यावर बॅटरीही फारशी खर्च होत नाही.

तक्रार सर्व्हिसची. पावसात चार्जिंगचा सुटा भाग बिघडला आणि तो पुण्याहून येईपर्यंत गाडी कित्येक दिवस दारात उभी राहिली. बुकिंग करण्याआधी सुटे भाग साताऱ्यातच मिळतात का, हे विचारून घ्या.