बेदाण्याचे कोल्ड स्टोरेज आणि तीन डेटाबेस: मोंगोडीबी, इन्फ्लक्सडीबी व टाइमस्केलडीबी

सांगली जिल्ह्यात तासगावच्या परिसरात बेदाण्याची कोल्ड स्टोरेज मोठ्या संख्येने आहेत. द्राक्षाचा हंगाम उतरणीला लागला की शेतकऱ्यांचा माल १५ किलोच्या पेट्यांमध्ये भरून तिथे येतो आणि भाव पाहून सौद्यांतून थोडाथोडा बाहेर पडतो. अशाच एका कोल्ड स्टोरेजचे सॉफ्टवेअर लिहिण्याचे आणि चालते ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे. त्या कामात डॉक्युमेंट डेटाबेस (एका गोष्टीची सगळी माहिती एकाच नोंदीत ठेवणारा) आणि टाइम सिरीज डेटाबेस (वेळेच्या क्रमाने येणारे आकडे साठवणारा) हे दोन्ही प्रकार मी रोजच्या व्यवहारात वापरले. कारखाना, गोदाम, दूध संकलन केंद्र किंवा असाच एखादा व्यवसाय चालवणाऱ्यांना निवड करताना उपयोग व्हावा, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

आमच्याकडे दोन स्वभावांच्या नोंदी आहेत. पहिली नोंद लॉटची. मालक कोण, माल कोणत्या गावचा, हिरवा की पिवळा, पेट्या किती, कोणत्या कक्षात ठेवल्या, नमुना कधी काढला, मालावर बँकेचे तारण कर्ज आहे का, कोणत्या अडत्याकडून किती पेट्या उचलल्या गेल्या, हे सर्व तिच्यात येते. ही नोंद महिनोन्महिने जिवंत असते आणि बदलत राहते. दुसरी नोंद तापमानाची. १२ कक्षांत प्रत्येकी ६ असे ७२ सेन्सर दर १० सेकंदांना एक आकडा पाठवतात. एका सेन्सरच्या दिवसाला ८,६४० नोंदी होतात, सर्व मिळून ६,२२,०८०, आणि वर्षभरात सुमारे २२ कोटी ७० लाख. यांतली एकही नोंद लिहून झाल्यावर कोणी दुरुस्त करत नाही आणि सुटा आकडाही कोणी पाहत नाही. विचारणा होते ती तासाच्या सरासरीची, दिवसाच्या कमालीची किंवा तापमान मर्यादेबाहेर किती वेळ राहिले याची.

लॉटच्या नोंदींसाठी मोंगोडीबी घेतला आणि त्या निर्णयाबद्दल मी आजही समाधानी आहे. २००९ साली बाहेर आलेल्या या डेटाबेसमध्ये एका लॉटची सगळी माहिती एकाच डॉक्युमेंटमध्ये राहते. एका शेतकऱ्याचा माल दोन कक्षांत विभागला असेल, दुसऱ्याच्या मालावर तारण असेल, तिसऱ्याच्या मालाचे तीनदा नमुने काढलेले असतील, तरी प्रत्येक प्रकारासाठी वेगळे टेबल करून ती पुन्हा जोडत बसावे लागत नाही. काउंटरवरचा कारकून लॉट नंबर टाकतो आणि पूर्ण चित्र एका वाचनात समोर येते. ज्या व्यवसायांना ई-इनव्हॉइस लागू आहे त्यांनाही ही रचना सोयीची वाटेल, कारण जीएसटीच्या पोर्टलला द्यायचे बीजक जेसन (नाव आणि मूल्य अशा जोड्यांत माहिती लिहिण्याची पद्धत) स्वरूपातच असते आणि ते जसेच्या तसे बिलाच्या डॉक्युमेंटमध्ये ठेवता येते.

मात्र या मोकळेपणाला शिस्त लावावी लागते. आमच्याकडे पहिल्या हंगामात एका स्क्रीनवरून पेट्यांची संख्या एका नावाने साठवली जात होती आणि मोबाइल ॲपवरून दुसऱ्याच नावाने. डेटाबेसने दोन्ही निमूटपणे स्वीकारली आणि हंगामाच्या शेवटी शिल्लक जुळेना. डॉक्युमेंटमध्ये कोणती माहिती असलीच पाहिजे हे ठरवण्याची सोय मोंगोडीबीच्या ३.२ आवृत्तीपासून आहे आणि ती पहिल्या दिवशीच वापरायला हवी होती. दुसरी गोष्ट व्यवहाराच्या एकसंधतेची आहे. माल उचलताना लॉटमधील पेट्या कमी होणे आणि गेट पास तयार होणे या दोन्ही गोष्टी एकत्रच घडल्या पाहिजेत, नाहीतर दोन्ही घडू नयेत. अनेक डॉक्युमेंटना व्यापणारे असे व्यवहार २०१८ च्या ४.० आवृत्तीपासून शक्य झाले, पण सुट्या, एकट्या सर्व्हरवर ते चालत नाहीत. सर्व्हर एकच असला तरी तो रेप्लिका सेट (एकमेकांच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरचा संच) म्हणून उभा करावा लागतो. छोट्या व्यवसायांच्या उभारणीत हा टप्पा वगळला गेल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

माझी खरी चूक सेन्सरच्या बाबतीत झाली. मोंगोडीबी हाताशी होताच, म्हणून तापमानाच्या नोंदीही साध्या कलेक्शनमध्ये, म्हणजे डॉक्युमेंटच्या संग्रहात, टाकायला सुरुवात केली. प्रत्येक आकडा हे एक स्वतंत्र डॉक्युमेंट झाले. त्याच्यासोबत १२ बाइटची ओळख, प्रत्येक वेळी नव्याने लिहिलेली फील्डची नावे आणि दोन इंडेक्समधली (शोधसूचींमधली) जागा हा सगळा लवाजमा आला. पहिले काही महिने काहीच जाणवले नाही. पुढे एका व्यापाऱ्याने उचललेला बेदाणा काळवंडल्याची तक्रार केली आणि एप्रिल ते जून या काळातले त्या कक्षाचे तासातासाचे तापमान मागितले. त्यासाठी सुमारे ४७ लाख डॉक्युमेंट वाचून सरासरी काढावी लागत होती. ८ जीबी मेमरीच्या मशीनवर मोंगोडीबी स्वतःच्या कॅशसाठी (वारंवार लागणारी माहिती मेमरीत हाताशी ठेवण्यासाठी) साधारण साडेतीन जीबी घेतो. त्या वाचनाने रोजच्या कामातले लॉट कॅशमधून बाहेर ढकलले गेले आणि सौद्याच्या दिवशी काउंटर अडखळू लागला. तापमान योग्य होते आणि ते आम्हाला सिद्धही करता आले, पण शेतकरी रांगेत उभे असताना साधी पावती निघायला वेळ लागावा, हे मला फार लागले.

मोंगोडीबीने २०२१ च्या ५.० आवृत्तीत टाइम सिरीज कलेक्शन आणले आहे. त्यात एकाच सेन्सरच्या लगतच्या नोंदी एका गठ्ठ्यात दाबून ठेवल्या जातात आणि जागेची बचत खरोखरच मोठी होते. आम्ही ते वापरून पाहिले. अडचण आली ती वीज आणि इंटरनेट गेल्यावर. अशा वेळी कक्षाजवळची गेटवे पेटी नोंदी स्वतःकडे साठवते आणि जोडणी परत आली की पाठवते. पोच मिळाली नाही तर तोच गठ्ठा पुन्हा पाठवते. टाइम सिरीज कलेक्शनवर युनिक इंडेक्स (तीच नोंद दुसऱ्यांदा येऊ न देणारी सूची) करता येत नाही, त्यामुळे पुन्हा आलेली नोंद दुसऱ्यांदा साठते. सरासरीत हे झाकले जाते, पण मर्यादेबाहेर गेलेल्या नोंदी मोजायला बसलो की आकडा फुगतो. ज्यांची जोडणी अखंड आहे आणि ज्यांना एकच डेटाबेस सांभाळायचा आहे, त्यांना हा पर्याय पुरेसा ठरेल. ग्रामीण भागातल्या आमच्या जागेला तो पुरला नाही.

इन्फ्लक्सडीबी हा मुळातच अशा कामासाठी जन्मलेला डेटाबेस आहे. एक नोंद म्हणजे मापाचे नाव, ओळखीचे टॅग, मूल्य आणि वेळ, एवढी एक ओळ. तोच सेन्सर, तीच वेळ आणि तेच मूल्य पुन्हा आले तर नवी नोंद तयार होत नाही, जुन्याच जागी लिहिली जाते. पुन्हा पाठवण्याचा आमचा प्रश्न इथे कोणतीही तजवीज न करता सुटला. वेळेच्या ओळीने आलेले आकडे किती दाबता येतात याचे एक प्रसिद्ध उदाहरण फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१५ साली गोरिला या प्रणालीविषयीच्या निबंधात दिले आहे. १६ बाइटची एक नोंद त्यांनी सरासरी १.३७ बाइटपर्यंत आणली होती. लागून येणाऱ्या वेळांतील अंतर जवळपास सारखे असते आणि मूल्येही फारशी हलत नाहीत, याचा तो फायदा आहे. बंद कक्षाचे तापमान हे तर त्याचे नमुनेदार उदाहरण. इन्फ्लक्सडीबीसह या वर्गातले बरेच डेटाबेस याच कल्पनेवर उभे आहेत. जुन्या नोंदी काढून टाकतानाही ठरावीक काळाचा पूर्ण तुकडाच वगळला जातो, एकेक नोंद शोधून पुसावी लागत नाही.

इन्फ्लक्सडीबीसोबत मिळणारा टेलिग्राफ हा संकलक मला विशेष आवडला. उपकरणांच्या संवादाच्या दोन पद्धती आमच्याकडे आहेत: कॉम्प्रेसरचे कंट्रोलर मॉडबसवर बोलतात, काही नवे सेन्सर एमक्यूटीटीवर, आणि टेलिग्राफ दोन्ही समजून घेतो. मात्र टॅगची निवड विचारपूर्वक करावी लागते. कक्ष आणि सेन्सर यांचे टॅग मर्यादित असतात. कोणी लॉट नंबर टॅग म्हणून टाकला, तर प्रत्येक लॉटबरोबर नोंदींची नवी, वेगळी मालिका सुरू होते आणि पहिल्या व दुसऱ्या पिढीच्या इन्फ्लक्सडीबीची मेमरी त्याखाली दबते.

तरीही व्यवसायासाठी इन्फ्लक्सडीबीची शिफारस करताना मी अडखळतो, आणि त्याचे कारण त्याच्या वाटचालीत आहे. पहिल्या पिढीची क्वेरी भाषा (डेटाबेसला विचारणा करण्याची भाषा) एसक्यूएल या सर्वत्र चालणाऱ्या भाषेसारखी होती. २०२० च्या २.० आवृत्तीत फ्लक्स ही नवी भाषा पुढे आली आणि लोकांनी ती शिकून अहवाल लिहिले. तिसऱ्या पिढीत फ्लक्सला स्थान राहिले नाही आणि पुन्हा एसक्यूएल आले. तिसऱ्या पिढीची मोफत कोअर आवृत्ती ताज्या माहितीसाठी घडवलेली आहे. लांबच्या काळाच्या विचारणांसाठी सशुल्क एंटरप्राइज आवृत्तीकडे वळावे लागते, आणि आमच्यासारख्यांना तर मागच्या हंगामाचीच माहिती लागते. शिवाय २०२३ च्या जुलैमध्ये या कंपनीने बेल्जियम आणि सिडनी येथील आपली दोन क्लाउड केंद्रे बंद केली, तेव्हा आपल्यापर्यंत सूचना पोहोचलीच नाही असे सांगणाऱ्या ग्राहकांचा डेटा गेला. तंत्रज्ञान उत्तम आहे, यात शंका नाही. पण पाच-सात वर्षे हात न लावता चालावी अशी व्यवस्था ज्याला हवी आहे, त्याने हा इतिहास लक्षात घ्यावा.

शेवटी तापमानाच्या नोंदी टाइमस्केलडीबीमध्ये गेल्या. तो पोस्टग्रेस या टेबलांच्या मोफत डेटाबेसवर बसवायचा विस्तार आहे. २०१७ साली तो आला आणि त्याच्या कंपनीने २०२५ मध्ये स्वतःचे नाव टायगरडेटा असे बदलले. वापरणाऱ्याला एकच साधे टेबल दिसते, पण आत त्याचे काळानुसार तुकडे झालेले असतात. मूळ मांडणीत एक तुकडा ७ दिवसांचा असतो. जुने तुकडे दाबून ठेवता येतात आणि मुदत संपलेले तुकडे एका फटक्यात काढता येतात. सेन्सर आणि वेळ यांवर युनिक इंडेक्स करता येतो, त्यामुळे पुन्हा आलेली नोंद सोडून देण्याची सूचना एसक्यूएलमध्येच लिहिता येते. टेलिग्राफही पोस्टग्रेसमध्ये लिहू शकतो, म्हणून संकलनाची जुनी मांडणी तशीच राहिली.

टाइमस्केलडीबीचा सर्वाधिक उपयोग झाला तो आपोआप अद्ययावत होणाऱ्या सारांशांचा. प्रत्येक सेन्सरची तासाची किमान, कमाल आणि सरासरी पार्श्वभूमीवर तयार होत राहते. वर्षाच्या २२ कोटी ७० लाख नोंदींच्या जागी ६,३०,७२० ओळी उरतात आणि अहवाल त्यांवर चालतो. विजेअभावी उशिरा पोहोचलेल्या नोंदी मागच्या वेळेत भरल्या गेल्या, तर धोरणात ठरवलेल्या कालखिडकीत (किती मागपर्यंत पाहायचे त्या मुदतीत) तेवढेच तास पुन्हा हिशोबात घेतले जातात. ही खिडकी आम्ही मुद्दाम मोठी ठेवली आहे, कारण आमच्याकडे पावसाळ्यात जोडणी दोन-दोन दिवस तुटते. दुसरा फायदा दोन प्रकारच्या नोंदी एकमेकींशी जोडण्याचा. अमुक लॉट अमुक कक्षात होता त्या काळात तापमान किती राहिले, हा प्रश्न लॉट आणि तापमान या दोन्हींना स्पर्श करतो. कक्षबदलाची छोटी यादी पोस्टग्रेसमध्येही ठेवल्याने त्याचे उत्तर एका क्वेरीत मिळते. आता शेतकऱ्याला माल परत देताना त्याच्या लॉटचा तापमानाचा कागद सोबत देता येतो.

मग लॉटच्या नोंदीही पोस्टग्रेसमध्येच का ठेवू नयेत, असा प्रश्न कोणीही विचारेल. २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये जेसनबी (जेसन साठवण्याचा प्रकार) आहे आणि डॉक्युमेंट डेटाबेसचे बरेचसे काम तो करतो. आज मी नव्याने सुरुवात केली असती तर एकाच पोस्टग्रेसमध्ये दोन्ही ठेवले असते: पैसे, पेट्या आणि तारखा ठरलेल्या स्तंभांत, बाकीचे बदलते तपशील जेसनबीमध्ये, आणि तापमान टाइमस्केलच्या टेबलात. एकाच माणसाने सांभाळायच्या व्यवस्थेत दोन डेटाबेस म्हणजे दोन बॅकअप, दोन अद्ययावतीकरणे आणि दोन ठिकाणचे पासवर्ड. ज्यांच्या नोंदींचे रूप खरोखरच ठरलेले नाही, उदाहरणार्थ हजारो प्रकारच्या वस्तूंची यादी असलेले दुकान, त्यांनी मात्र मोंगोडीबीच घ्यावा. तिथे त्याच्या तोडीचा सहजपणा मला दुसरीकडे आढळला नाही.

परवान्यांबद्दल थोडक्यात. मोंगोडीबी २०१८ पासून एसएसपीएल (डेटाबेस सेवा म्हणून विकणाऱ्यांवर अटी घालणाऱ्या) परवान्याखाली आहे. टाइमस्केलचा दाबून ठेवण्याचा आणि सारांशाचा भाग कंपनीच्या स्वतःच्या परवान्याखाली येतो. आपल्या कामासाठी वापरणाऱ्याला दोन्ही अडवत नाहीत. पण ॲमेझॉनच्या आरडीएस या तयार डेटाबेस सेवेवर टाइमस्केल मिळत नाही, तो स्वतःच्या सर्व्हरवर बसवावा लागतो किंवा कंपनीची सेवा घ्यावी लागते. सुरक्षिततेच्या बाबतीत २०१७ च्या जानेवारीत पासवर्डविना इंटरनेटवर उघडे असलेले हजारो मोंगोडीबी पुसून खंडणी मागितली गेली होती, हे विसरता कामा नये. कोणताही डेटाबेस असो, तो थेट इंटरनेटवर ठेवू नये.

टाइमस्केल घेणाऱ्यांना एक सूचना करतो. साध्या पोस्टग्रेसप्रमाणे बॅकअप घेतला जातो, पण तो परत भरताना विस्ताराची तीच आवृत्ती आधी बसवावी लागते, आणि भरण्यापूर्वी व भरल्यानंतर त्याची दोन ठरावीक फंक्शन चालवावी लागतात. आम्ही हे पहिल्यांदा केले तेव्हा आवृत्ती वेगळी निघाली आणि पूर्ण दुपार गेली. आता दर हंगामाआधी, फेब्रुवारीत, रिकाम्या मशीनवर संपूर्ण बॅकअप भरून पाहतो आणि एका जुन्या लॉटचा तापमानाचा कागद त्यावरून छापून मूळ कागदाशी ताडून घेतो.