मदरबोर्ड बदलला आणि 'कॅड' गेलं: ब्रेस्ट सोनोग्राफीच्या ऑप्शनचा वर्षभराचा अनुभव

मदरबोर्ड बदलून झाला, मशीन सुरू झालं आणि ब्रेस्टच्या मेनूतलं 'कॅड'चं (गाठीचं चित्र तपासून मत देणाऱ्या सॉफ्टवेअरचं) बटण काही दाबेना. इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, लायसन्स जुन्या बोर्डाच्या नंबरवर होतं. नव्याचं कोटेशन पाठवतो." म्हणजे सीएमसीत (सुट्या भागांसकट देखभालीच्या करारात) बोर्ड फुकट, आणि एकदा पैसे मोजलेल्या सॉफ्टवेअरसाठी पुन्हा पैसे! पुढचं सगळं या रागात लिहिलंय, तेवढं धरून वाचा.

डेमोत जे हळू आवाजात सांगतात ते मी मोठ्याने सांगते. हे गाठ शोधत नाही. गाठ आपण शोधायची, फ्रीझ करायचं, मधोमध टॅप करायचं. मग ते कड आखतं, आकार, दिशा, इको (गाठ किती काळी-पांढरी दिसते), मागची सावली असं भरून देतं आणि 'बिनाइन' (साधी) किंवा 'मॅलिग्नंट' (कॅन्सरची) असा शेरा मारतं. अख्खा स्तन आपोआप स्कॅन करणाऱ्या मशीनसाठी अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झालेलं कॅड संशयाची जागा स्वतः दाखवतं. हातातल्या प्रोबवरच्या या ऑप्शनला ते जमत नाही. टॅप केलं म्हणजे तिथे गाठ आहेच, असं ते धरून चालतं. एकदा मुद्दाम बरगडीच्या आडव्या छेदावर टॅप केलं, तर तिचीही सुबक कड आखून शेरा हजर.

पण माझं खरं भांडण प्रिंटशी आहे. शेऱ्याची स्क्रीन बाकीच्या फोटोंबरोबर आपोआप सेव्ह होते आणि प्रिंटमध्ये जाते. बंद करायची सोय नाही. इंजिनिअरलाही सापडली नाही. मी रिपोर्टमध्ये बायरॅड्स ३ (बायरॅड्स ही कॅन्सरच्या संशयाची श्रेणी) लिहायचं, म्हणजे कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. आणि फोटोवर ठळक अक्षरांत 'मॅलिग्नंट'! एका पेशंटचा नवरा तो कागद घेऊन थेट कॅशच्या खिडकीवर रडत उभा. तेव्हापासून ती फ्रेम प्रत्येक वेळी हाताने डिलीट करावी लागते, जेलने बरबटलेल्या बोटांनी, बाहेर ओपीडी तुंबलेली असताना. थर्मल रोलचा खर्च आहेच. एका चेकबॉक्सचं काम, एवढ्या कंपनीला सुचू नये?

पहिले काही महिने मी ते नावाला वापरलं. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिसला (स्तनाची सूज, कॅन्सर नव्हे) ते हमखास 'मॅलिग्नंट' म्हणणार. चित्र तसंच दिसतं, त्याचा दोष नाही. पण बाईचं वय, दुखणं, बाळाचं अंगावरचं दूध कधी सुटलं, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं.

पावसाळ्यात मत थोडं बदललं. बायरॅड्स ४ए, म्हणजे २ ते १० टक्के शक्यता, इथे बहुतेक बायोप्सी साध्याच निघतात. आमच्या तालुक्यातून बायोप्सीला बार्शीला जायचं तर दोघांचा रोज बुडतो, त्यामुळे ३ की ४ए हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. कॅडने 'बिनाइन' म्हटलं म्हणून मी बायोप्सी कधी टाळली नाही, टाळणारही नाही. मात्र ३ लिहायला घेतलं आणि दोन्ही प्लेनमध्ये (उभ्या आणि आडव्या छेदात) 'मॅलिग्नंट' आलं, तर मी थांबते आणि गाठीच्या कडेवरून प्रोब पुन्हा सावकाश फिरवते. एका प्लेनमध्ये हे, दुसऱ्यात ते, असंही होतं. तेव्हा मी वाईट तेच धरते. आणि सहा महिन्यांनी परत आलेल्या फायब्रोअॅडिनोमाचं (साध्या गाठीचं) माप त्याच्या आखलेल्या कडेवरून घेतलं की जुन्या मापाशी तुलना सोपी जाते. हे मात्र मनापासून आवडलं.

तरी पुन्हा पैसे भरणार नाही. नवीन मशीन घेणाऱ्यांनी पर्चेस ऑर्डरवरच लिहून घ्यावं: बोर्ड बदलला तर सगळे ऑप्शन विनामूल्य चालू करून द्यायचे, आणि शेऱ्याची फ्रेम प्रिंटमधून वगळता आली पाहिजे. सेल्सवाला "होऊन जाईल" म्हणेल. त्याला सही करायला सांगा.

सीएमसीचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. मेल पाठवलाय, चेक ड्रॉवरमध्ये आहे.